सांवेरच्या वाटेवरची निर्गुणी रात्र

इंदूरहून उज्जैनकडे निघालं की अर्ध्या वाटेवर सांवेर लागतं. महाकालाच्या ओढीने निघालेले बहुतेक मराठी प्रवासी इथे थांबत नाहीत. थांबलेच तर पाताळविजय हनुमानाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘उलट्या हनुमाना’च्या देवळापाशी पाच मिनिटं. हमरस्ता सोडून आत वळलं तर काळ्या मातीचा माळवा सुरू होतो. थंडीत गहू, हरभरा आणि बटाटा, पावसाळ्यात सोयाबीन. इंदूरचं पाणी पोटात घेऊन कान्ह नदी याच भागातून क्षिप्रेकडे जाते. या गावांच्या कडेला, बलाई या दलित समाजाच्या वस्तीतल्या एखाद्या घरात, भिंतीवरच्या खुंटीला लांब दांड्याचा तंबुरा टांगलेला दिसतो. घरातला माणूस दिवसा मजूर असतो, गवंडी असतो, नाहीतर शाळामास्तर. रात्री तो गायक असतो.

या गायकांच्या मंडळ्या कबीर गातात. त्यांच्याबरोबरीने गोरखनाथ, मीराबाई, नाथपंथी आणि स्थानिक संतांची वाणीही गातात. सांवेर, तराना, टोंकखुर्द, महू या तालुक्यांच्या टापूत अशा किती मंडळ्या असतील याची मोजदाद कुठे नाही, पण मंडळी ऐकायला फार लांब जावं लागत नाही. गावात मृत्यू झाला की मंडळीला बोलावणं जातं. घर नवं बांधलं, मूल झालं, कुणी नवस फेडला, तरी जातं. शुक्ल पक्षातल्या बीजेला रामदेवबाबाचं जागरण असतं, ज्येष्ठ पौर्णिमेला कबीरजयंती असते. मंडळीला मंच लागत नाही. अंगणात जाजम अंथरलं, उदबत्ती लावली, ‘साहेब बंदगी’ हा नमस्कार झाला की बैठक बसते.

ऐकायला जायचं तर रात्रभराची तयारी ठेवून जावं. जेवणं आटोपून दहाच्या सुमाराला गाणं सुरू होतं, आणि पहिले दोन तास गळे तापण्यातच जातात. मुख्य गायकाच्या एका हातात तंबुरा आणि दुसऱ्या हातात करताल असते. शास्त्रीय मैफलीत गवयाच्या मागे बसून स्वर धरणारा तानपुरा आपल्या ओळखीचा आहे. हा पाचतारी तंबुरा त्या घराण्यातला नव्हे. तो स्वर धरतो आणि तालही चालवतो. बोट तारांवरून ठेक्यात फिरतं, दुसऱ्या हातातली करताल त्या ठेक्याला कधी दुजोरा देते, कधी त्याच्या मधल्या फटीत जाऊन वाजते, आणि या दोन्ही हातांच्या वर गळा आपल्या वाटेने मोकळा चालत असतो. दोन हात दोन लयींत आणि गळा तिसऱ्याच विचारात, हे रात्रभर सांभाळायचं असतं. मोठ्या संगीतसभांमध्ये ज्याला आपण प्रभुत्व म्हणून दाद देतो ते याहून वेगळं काय असतं?

सुरुवात साखीने, म्हणजे दोह्याने, होते. साखीला ताल नसतो. गायक आवाज उंच फेकतो, शेवटचा स्वर लांबवतो आणि अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उतरेपर्यंत थांबतो. मग टेक, म्हणजे ध्रुवपद, येतं आणि ढोलक आत शिरते. मागचे दोघे-तिघे मंजिरे सांभाळत टेक उचलतात. बऱ्याच मंडळ्यांत आता हार्मोनियम असते, काहींत व्हायोलिनही. हे व्हायोलिन गायकाची ओळ संपताच तीच ओळ आपल्या आवाजात पुन्हा म्हणतं. ठेका बहुतेक वेळ केरव्याच्या अंगाचा असतो. कागदावर मांडला तर साधा, पण ढोलकवाला अंतऱ्याच्या शेवटी दुगुणीत जाऊन पुन्हा समेवर अलगद उतरतो, तेव्हा जाजमावरची म्हातारी माणसंसुद्धा सरळ बसतात.

रात्रीला एक क्रम असतो. आधी गुरुवंदना. मग ‘चेतावणी’ची भजनं, म्हणजे मृत्यूची आठवण करून देणारी. मध्यरात्र उलटली की गाणं आत वळतं. देह, श्वास, शून्य, अनहद यांची भजनं येतात, उलटबासी, म्हणजे उलट्या अर्थाची कोडी, येते, आणि ऐकणाऱ्यांतून कुणीतरी प्रश्न टाकतो. माझ्या मते या मैफलीचा खरा प्राण इथे आहे. प्रश्नाला उत्तर भजनानेच द्यायचं असतं. गायकाच्या स्मरणात शेकडो पदं असतात. त्यातलं नेमकं कोणतं पद या माणसाच्या, या रात्रीच्या, या प्रश्नाला लागू पडेल हे त्याला एका श्वासात ठरवावं लागतं. दुसरी मंडळी हजर असेल तर ती त्या उत्तरावर आणखी एक पद ठेवते. असं पहाटेच्या प्रभातीपर्यंत चालतं. ध्वनिमुद्रणात हे सापडत नाही, कारण ध्वनिमुद्रणाला कुणी प्रश्न विचारत नाही.

सांवेरच्या पुढच्या एका गावात अशाच एका रात्री ऐकलेला गायक मला विसरता येत नाही. मृत्यू झालेल्या घरचं अंगण होतं. विधवा बाई दाराच्या आत बसल्या होत्या. गायकाने तंबुरा मांडीवर आडवा ठेवला आणि पदाचा अर्थ माळवीत सांगायला सुरुवात केली. सूर पुरुषांच्या बैठकीपेक्षा दाराकडे वळलेला. दहा मिनिटं तो बोलला, मग तेच पद पुन्हा धरलं, आणि या वेळी टेक आतून, बायकांकडून उचलली गेली. तंत्र, भाव आणि कर्तव्य यांची इतकी घट्ट वीण मी शहरातल्या कोणत्याही सभागृहात पाहिलेली नाही.

गावाच्या कडेला राहून गावासाठी गाणाऱ्या अशा लोकांची युरोपातली भावंडं शोधायची तर जिप्सी, म्हणजे रोमा वादकांकडे बघावं लागतं. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिलं आहे आणि जनुकशास्त्राने त्याला पुष्टी दिली आहे. १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिने मान्य केलेल्या ध्वजावर सोळा आऱ्यांचं चक्र आहे, आणि चंदीगडचे रोमा-अभ्यासक डब्ल्यू. आर. ऋषी या परिषदेला हजर होते. रोमानियात बुखारेस्टजवळ क्लेजानी नावाचं खेडं आहे. तिथल्या रोमा वादकांची ‘ताराफ द हायदुक’ ही मंडळी १९९० नंतर जगभर गाजली. तिच्यातले ज्येष्ठ वादक निकोलाए नेआक्शु व्हायोलिनच्या तारेला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून तो बोटांनी ओढत. त्यातून जो खरखरीत, घुसमटलेला आवाज निघे, तो ऐकून युरोपातली सभागृहं स्तब्ध होत. २००२ साली ते गेले. रोमानियातल्या रोमांना १८५५-५६ पर्यंत गुलाम म्हणून विकलं जात होतं, आणि तरीही गावच्या लग्नांना आणि मयतांना संगीत त्यांचंच लागे.

माळव्यातले कबीर-गायक जिप्सी नाहीत. ते शेतीला आणि मातीला बांधलेले, पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहणारे लोक आहेत. पण गावाने ज्यांना वस्तीच्या कडेला ठेवलं, त्यांच्याच गळ्याशिवाय गावाचं जगणं-मरणं पुरं होत नाही, ही गोष्ट क्लेजानीत आणि सांवेरच्या आसपास एकसारखीच आहे. भटक्यांशी या गाण्याचं नातं आहे ते नाथपंथाच्या वाटेने. राजस्थानातले कालबेलिया, ज्यांच्या नृत्य-गीतांना युनेस्कोने २०१० साली मानवी वारशाच्या यादीत घेतलं, ते स्वतःला कानिफनाथांचे अनुयायी मानतात. टोनी गातलिफ यांचा ‘लाचो द्रोम’ हा १९९३ सालचा चित्रपट रोमांचा प्रवास गाण्यांतून दाखवतो, आणि त्याची सुरुवातही राजस्थानच्या वाळवंटातच होते. महाराष्ट्रात कानिफनाथांची समाधी पाथर्डी तालुक्यातल्या मढीला आहे. तिथल्या यात्रेत कितीतरी भटक्या जमातींच्या जातपंचायती भरत आल्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. गोंधळी, वासुदेव, डवरी गोसावी, नंदीवाले ही आपली माणसं त्याच जगातली. त्यांच्या गाण्याला आपण ‘लोककला’ म्हटलं आणि आदरानेच, पण थोडं बाजूला ठेवून दिलं.

मराठी श्रोत्याला या निर्गुणाची, म्हणजे निराकार देवाच्या गाण्याची, ओळख झाली ती मात्र एका गवयाने करून दिली म्हणून. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला आले. पुढची काही वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं आणि प्राण वाचले. अंथरुणावर पडलेल्या त्या काळात त्यांच्या कानावर पडत राहिली ती माळव्याच्या बायकांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या नाथपंथी फिरस्त्यांची भजनं. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तिथे येणारे जोगी जो आवाज फेकत, त्यातली निर्ममता कुमारांनी आत घेतली. पत्नी भानुमतीबाईंच्या साथीने त्यांनी लोकगीतं गोळा केली, लोकधुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार यांसारखे राग उभे केले. ‘अनूपरागविलास’ १९६५ साली आला. पुढे दुसऱ्या पत्नी वसुंधराबाईंबरोबर गायिलेली निर्गुण भजनं मराठी घराघरांत पोहोचली.

या ऋणाबद्दल मराठी रसिकाला कृतज्ञता आहे, पण ती देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी, कुमारांच्या ‘भानुकुल’ या घरापाशी येऊन थांबते असं मला वाटतं. कुमारांनी ज्या विहिरीतून पाणी काढलं ती आजही भरलेली आहे, तिच्यावर रोज पाणी भरणारी माणसं आहेत, आणि आपण मात्र भरून ठेवलेल्या घागरीचीच पूजा करत राहिलो. कुमारांचं निर्गुण एकट्याचं आहे. ते धारदार आहे, आणि त्यात प्रत्येक स्वराच्या भोवती रिकामी जागा आहे. मंडळीचं निर्गुण दहा जणांचं आहे, त्यात ढोलक आहे, खांद्याला खांदा आहे, मधेच थांबून शेजाऱ्याला समजावणं आहे. एकाने दुसरं रद्द होत नाही. पण दुसरं न ऐकता पहिल्यालाच ‘माळव्याचं निर्गुण’ म्हणणं, हा माळव्यावर अन्याय आहे.

सांवेरच्या दुसऱ्या अंगाला, इंदूरपलीकडे महू आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी तिथल्या लष्करी छावणीत बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते आणि घरात भजनं होत. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले तीन गुरू मानलं. त्याच महू भागातल्या बजरंगपुरा गावचे भेरूसिंह चौहान लहानपणापासून निर्गुण भजनं गात आले, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पंढरीच्या वाटेवरचा टाळ-वीणेचा गजर, शाहिरी, वामनदादा कर्डकांची भीमगीतं आणि माळव्यातला हा तंबुरा यांना जोडणारी वाट महूवरून जाते. जात नावाच्या भिंतीला गाण्याने धडका देणाऱ्यांची ही वाट आहे. मराठी माणसाला या मंडळ्यांशी आपलं नातं परकं वाटायचं काही कारण नाही.

हे गाणं आजच्या प्रकाशात आणलं ते प्रामुख्याने प्रह्लादसिंह टिपानिया यांनी. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीत १९५४ साली जन्मलेले टिपानिया सरकारी शाळेत शिक्षक होते. तरुणपणी त्यांनी तंबुऱ्याचा आवाज ऐकला आणि वेडावले. आधी वाद्य शिकले, अर्थाचं बोट नंतर धरलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. त्यांच्या घरचीच माणसं मंडळीत आली. भाऊ अशोक यांचा साथीचा आवाज, मुलगा अजय यांची ढोलक, आणि देवनारायण सारोलिया यांचं व्हायोलिन. १९९० च्या दशकात त्यांच्या कॅसेटी माळव्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर आणि ट्रॅक्टरांवर वाजू लागल्या. गाता गाता मधेच थांबून ते अर्थ सांगतात, आणि जातीचा उंचनीचपणा, देवळाबाहेर उभं राहणं, पोथीचा अहंकार या गोष्टी श्रोत्यांपुढे स्पष्ट शब्दांत मांडतात. समोर पाच हजार माणसं असली तरी त्यांचा सूर ओसरीवरच्या बोलण्याचा राहतो. त्यांच्या प्रभुत्वाचा मोठा भाग मला यातच दिसतो.

याच दशकात देवासला ‘एकलव्य’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने कबीर भजन व विचार मंच चालवला. १९९१ पासून काही वर्षं दर महिन्याच्या २ तारखेला आसपासच्या गावांतल्या मंडळ्या देवासला जमत, रात्रभर गात आणि गाण्यावर वाद घालत. कबीर समाजाबद्दल काय म्हणतो? कबीरपंथातले चौका-आरतीसारखे विधी कबीराच्या विचाराशी जुळतात का? बाहेर मंदिर-मशिदीच्या वादाने देश पेटला होता आणि आत हे शेतमजूर पहाटेपर्यंत कबीराचा अर्थ लावत होते. टिपानिया स्वतः पुढे कबीरपंथाचे महंत झाले आणि पंथाच्या विधींवरून मित्रांशी त्यांचे मतभेद झाले. शबनम विरमाणी यांच्या ‘कबिरा खडा बजार में’ या माहितीपटात हा सगळा पेच आहे, आणि कुणालाही सोपं उत्तर दिलेलं नाही. स्टॅनफर्डच्या लिंडा हेस यांनी याच गायकांबरोबर वर्षानुवर्षं फिरून २०१५ साली मोठा ग्रंथ लिहिला. गावच्या जाजमावर कबीराची पदं गाता गाता कशी बदलतात, कुठे नवी ओळ शिरते, कुठे जुनी गळते, हे त्यात तपशिलाने आलं आहे. टिपानियांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते देवासमधून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. त्यानंतर पुन्हा गाऊ लागले, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

टोंकखुर्दचे कालूराम बामनिया यांचा आवाज वेगळा. टिपानिया समजावतात, बामनिया खेचून नेतात. त्यांची लय पहिल्या टेकेपासूनच तापलेली असते, आणि गळ्यात एक हाक असते जी शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल. २०२४ साली तेही पद्मश्री झाले. बायकांचा आवाज मात्र मंडळीच्या पुढच्या जागेवर फार उशिरा आला. देवास जिल्ह्यातल्या गीता पराग यांनी तंबुरा हातात घेऊन ती जागा घेतली. घरच्या कामातून आणि लोकांच्या बोलण्यातून रात्रभरासाठी बाहेर पडणं पुरुषांना जितकं सोपं, तितकं बाईला नसतं. म्हणून त्यांचं गाणं ऐकताना केवळ सूर ऐकून भागत नाही.

आता हा तंबुरा शहरातही आला आहे. २०१० साली माळवा कबीर यात्रा निघाली आणि शहरांतली तरुण मुलं गावच्या जाजमावर येऊन बसली. मुंबईत नीरज आर्य यांनी ‘कबीर कॅफे’ हा बँड उभा केला, आणि त्याची मुळं टिपानियांच्या गाण्यात आहेत. गिटार, मँडोलिन, व्हायोलिन, ढोलासारखी वाद्यं आणि कबीर हे मिश्रण महाविद्यालयांच्या मैदानांवर हजारो मुलं गातात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण या मैदानी कार्यक्रमांनी एक सवय लावली आहे. लोककलावंतांना मोठ्या महोत्सवात पंधरा-वीस मिनिटं द्यायची. या वेळात साखी होते, एक लोकप्रिय भजन होतं, टाळ्या होतात. प्रश्न विचारायला आणि पदाचा अर्थ सांगायला मात्र वेळ उरत नाही. पद्मश्री तिघांना मिळाली याचा आनंद आहेच, पण तीन नावांच्या मागे ज्या मंडळ्या आहेत त्यांचं काय? गावातल्या मंडळीला आजही बऱ्याचदा जेवण, भाडं आणि नारळ मिळतो. मुलं इंदूरच्या कारखान्यांत आणि पिथमपूरला कामाला जातात. रात्रपाळी असलेला मुलगा रात्रभराच्या बैठकीला येणार कसा? मोबाइलमध्ये सगळी भजनं आहेत म्हणून वह्या उतरवून घेणं थांबलं आहे. पदं टिकतील. प्रश्नाला जाग्यावर पद शोधून देण्याची बुद्धी मात्र बैठकीत बसल्याशिवाय येत नाही, आणि खरी काळजी तीच आहे.

यावर मराठी संस्थांना करता येईल असं काही आहे. इंदूर हे होळकरांचं, मराठी नाटकांचं, मराठी ग्रंथालयांचं शहर. देवास पवारांचं. इथल्या आणि पुण्या-मुंबईच्या मराठी संस्था कुमार गंधर्वांच्या नावाने दरवर्षी कार्यक्रम करतात. त्यातली एक रात्र, आणि पूर्ण रात्रच, सांवेर-तराना-टोंकखुर्दच्या एखाद्या मंडळीला द्या. मंचाखाली जाजम अंथरा, श्रोत्यांना प्रश्न विचारू द्या, शास्त्रीय गायकाला देता तेवढंच मानधन द्या, आणि पहाटेपर्यंत दिवे मालवू नका. ज्यांना वाट बघायची नाही त्यांनी इंदूरहून उज्जैनची बस धरावी, सांवेरला उतरावं आणि आसपास कुठे मंडळी बसणार आहे ते विचारावं. पाव्हण्याला जाजमावर जागा करून देणारे लोक आहेत हे. पण निघाल्यावर घड्याळ बघू नका, आणि पहिल्या दोन तासांत उठून येऊ नका.